आवड की पगार? नातीच्या प्रश्नाला आमचे उत्तर



गेल्या हनुक्काची गोष्ट. पाचव्या दिवसाचे दिवे लावून झाले होते. उत्तर लंडनमधल्या आमच्या लहानशा घरात लेक, जावई, नातवंडे असे सगळे जमलो होतो. हनुक्का म्हणजे तळणाचा सण, म्हणून बटाटेवडे आणि गुळाचे घारगे केले होते. मुलं वड्यांवर तुटून पडली, मोठी माणसं गप्पांना बसली. तेवढ्यात थोरल्या नातीने लॅपटॉप उघडून आईला काहीतरी दाखवलं. नात सतरा वर्षांची, ए-लेव्हलच्या शेवटच्या वर्षाला आहे. युनिव्हर्सिटीसाठी यूकासचा अर्ज जानेवारीत पाठवायचा होता आणि त्यात पाच जागा भरायच्या असतात. तिने पाचही ठिकाणी चित्रकलेचे कोर्स लिहिले होते. तिला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत.

जावई फार्मासिस्ट आहेत. त्यांनी अर्ज पाहिला आणि हातातला वडा तसाच ताटलीत ठेवला.

"चित्रं रविवारी काढ ना, कोण नको म्हणतंय? पण घरभाडं चित्रं भरणार आहेत का? बाबा, आता तुम्हीच सांगा हिला."

नातीचे डोळे भरले. ती अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलते, पण त्या दिवशी तिने सगळं मराठीतून विचारलं: "आजी, आजोबा, खरं सांगा. तुम्ही दोघांनी तुमच्या आवडीचं काम केलंत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एकाच्या मनात 'नाही' होतं, एकीच्या मनात 'हो' होतं, आणि दोघांनाही ते पटकन बोलवेना. "सांगू नंतर," म्हणून वेळ मारून नेली. पण त्या रात्री झोप लागली नाही. लग्नाला साठ वर्षं होत आली आणि हा प्रश्न आम्ही एकमेकांना कधी विचारलाच नव्हता. म्हणून हा लेख आम्ही दोघांनी मिळून, थोडा भांडत, लिहिला आहे. तो नातीसाठी आहे, तसाच तुमच्याही घरातल्या अशा मुलामुलींसाठी आहे.

शनवार तेली

सुरुवात आपल्या वाडवडिलांपासून करू. मुलांनो, तुमच्या आडनावात एक गाव लपलेलं आहे. पेणकर पेणचे, चेऊलकर चेऊलचे, किहीमकर किहीमचे, नवगांवकर नवगावचे. कोकणातल्या या गावांत आपल्या पुष्कळशा लोकांचा धंदा एकच होता, तेल गाळण्याचा. लाकडी घाण्यात तीळ, खोबरं किंवा शेंगदाणे घालायचे, बैल जुंपायचा, त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधायची आणि तो दिवसभर गोल गोल फिरायचा. खाली तेल निघायचं, मागे पेंड उरायची.

तुला घाणा आवडतो का रे, असं त्यांना कोणी विचारलं नाही. बाप तेली म्हणून मुलगा तेली. सगळ्या गावाचीच तशी रीत होती. लोहाराचा मुलगा लोहार, कुंभाराचा मुलगा कुंभार. 'आवड' हा शब्द तेव्हा जेवणाच्या पानावर वापरायचा, धंद्याच्या बाबतीत नव्हे.

पण एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतः ठरवलेली होती. शनिवारी घाणा बंद. गावात इतर तेलीही होते, ते महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत. त्यामुळे गावकऱ्यांनी सोपी नावं पाडली, ते 'सोमवार तेली' आणि आपले 'शनवार तेली'. हे नाव आपल्याला चिकटलं ते तेलामुळे नाही, तेल तर दोघेही गाळत होते. ज्या दिवशी आपण काम करत नव्हतो, त्या दिवसावरून गावाने आपल्याला ओळखलं. त्या दिवसाचं तेल बुडायचं, पैसा बुडायचा, गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जायचं. गरिबीत आठवड्यातला एक दिवस सोडणं ही लहान गोष्ट नव्हे. हा शनिवार लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

पेन्शनीची नोकरी

मराठीत म्हण आहे, 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी.' आपल्या लोकांनी ही म्हण चक्क उलटी केली. अठराव्या शतकापासून आपली माणसं कंपनी सरकारच्या मुंबईच्या पलटणीत भरती होऊ लागली आणि सुभेदार-मेजरपर्यंत चढली. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं, तेही पलटणीतलेच अधिकारी. पुढे इंग्रजी शिक्षण आलं तशी सरकारी कचेऱ्या, रेल्वे, पोस्ट, कस्टम, शाळा, हॉस्पिटलं यांत आपली मुलं-मुली गेली. आमच्या लहानपणी मुलीसाठी स्थळ पाहताना पहिला प्रश्न असायचा, "मुलगा पर्मनंट आहे ना?" दुसरा प्रश्न पेन्शनीचा. मुलाला गाणं येतं, तो चित्रं छान काढतो, हे सगळं चहा झाल्यावरचं बोलणं.

आजच्या मुलांना हे कोरडं वाटेल. पण थोडक्या लोकांची जमात, ना मोठी शेती, ना भांडवल. दर महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार म्हणजे घराला लागलेला टेकू होता. त्या पगारावर घरातली धाकटी भावंडं शिकली. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही शेजाऱ्यांची म्हण आपल्या आज्या बिनदिक्कत वापरायच्या. विठोबा आपला नसला तरी पोटोबा सगळ्यांचाच.

आपल्या जुन्या धर्मशास्त्र्यांनीही बापाची जी कर्तव्यं सांगितली, त्यांत मुलाला धर्म शिकवण्याबरोबर हुन्नर शिकवणं हेही आहे. काहींनी त्यात पोहायला शिकवणंही घातलं. म्हणजे मूल बुडू नये, पाण्यातही आणि बाजारातही.

मग आवडीवर चालणारे आपल्यात झालेच नाहीत का? झाले, आणि त्यांतल्या दोघांचा रस्ता या लंडन शहरातूनच गेला.

झिराडबाई, निस्सीम आणि डेव्हिड

डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० सालचा. त्या लहान असताना मोठी बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलात तिच्यावर उपचार झाले. तिथल्या डॉक्टर होत्या मिस बेन्सन. त्यांचं काम पाहून या मुलीने ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं आणि याच हॉस्पिटलात काम करायचं. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या पुढच्या शिक्षणासाठी लंडनला आल्या. स्कॉलरशिप मिळवली, पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत इथल्या हॉस्पिटलात काम केलं आणि १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. घेतली. परत जाऊन त्या खरोखरच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत तिथे होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी पाहिलेलं, मोठेपणी केलेलं, असं उदाहरण हजारात एक. पण ध्यानात घ्या, त्यांची आवड अशी होती की तिला पगारही होता आणि जगाला तिची गरजही होती.

दुसरे कवी निस्सीम एझिकेल. जन्म १९२४, मुंबई. वडील प्राध्यापक, आई शाळा चालवणारी. स्वतः एम.ए. झालेले. घरच्यांच्या हिशोबाने कॉलेजातली नोकरी धरून बसायचं. पण १९४८ साली ते लंडनला निघाले. बोटीचं तिकीट त्यांच्या मित्राने, नाटकवाल्या इब्राहिम अल्काझींनी काढून दिलं. इथे बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले, तळघरातल्या खोलीत हलाखीत राहिले आणि कविता लिहिल्या. १९५२ साली त्यांचं पहिलं पुस्तक लंडनमध्येच छापलं गेलं. परत जायला पैसे नव्हते, म्हणून एका मालवाहू बोटीवर डेक घासत घासत मुंबई गाठली.

ही गोष्ट सगळे एवढीच सांगतात. पुढची कोणी सांगत नाही. मुंबईला परतल्यावर निस्सीमनी नोकऱ्या केल्या. साप्ताहिकाच्या कचेरीत केली, जाहिरात कंपनीत केली आणि १९६१ पासून १९७२ पर्यंत मिठीबाई कॉलेजात इंग्रजी विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. नंतर मुंबई विद्यापीठात शिकवलं. इंग्रजीतले कवी म्हणून देशभर नाव झालं, १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि १९८८ साली पद्मश्री मिळाली. आपल्या मराठीतल्या इंदिरा संतांच्या कविताही त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर इंग्रजीत नेल्या. २००४ साली ते गेले. एवढ्या मोठ्या कवीचं घर चाललं ते नोकरीच्या पगारावर. पण नोकरी होती म्हणून कविता सुटली, असं झालं नाही.

तिसरे डेव्हिड, पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. 'बूट पॉलिश' मधले जॉन चाचा म्हटलं की आमच्या वयाच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे तो हसरा, टकला चेहरा येईल. त्यांनी वकिलीची पदवी घेतली होती. पण काही वर्षं खटपट करूनही नोकरी लागेना, तेव्हा १९३७ च्या सुमारास ते सिनेमात शिरले. पुढे शंभराहून अधिक चित्रपटांत काम केलं आणि १९६९ साली पद्मश्री मिळाली. नोकरी वेळेवर लागली असती तर आपल्याला जॉन चाचा मिळालेच नसते. म्हणजे कधी कधी दार बंद झाल्यामुळेच माणूस आपल्या जागेवर जाऊन पोचतो. मात्र यावर भरवसा ठेवून कोणी दारं बंद करून घेऊ नयेत!

नातीला ही तीन नावं सांगितली तेव्हा ती म्हणाली, "पण हे सगळे फेमस आहेत. तुमचं सांगा ना." बरोबर आहे तिचं. म्हणून आता आमचं.

आमची गोष्ट

१९६७ साली आम्ही दोघे व्हाउचरवर इथे आलो. खिशात माणशी ३ पौंड, त्याहून जास्त नेऊ देत नव्हते. आमच्यातला एक मुंबईत शाळामास्तर होता. मुलांना मराठी आणि इतिहास शिकवणं हा त्याचा जीव की प्राण. इथे आल्यावर कळलं की तिकडच्या कागदपत्रांवर इकडच्या वर्गात उभं राहता येणार नाही. पुन्हा शिकायला पैसा नव्हता आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत लेकही झाली. मग पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात पत्रांची वर्गवारी करायची नोकरी धरली ती निवृत्तीपर्यंत केली. तिथे आमच्यासारखे बी.ए., एम.ए. झालेले देशी लोक रांगेने उभे असायचे. एकजण गमतीने म्हणायचा, "लंडनमधली सर्वात शिकलेली पत्रं आपल्या हातून जातात."

ते काम आवडीचं नव्हतं. रात्रपाळीला पहाटे चार वाजता पायात गोळे यायचे आणि आपण कशासाठी आलो असं वाटायचं. हे लपवायचं कशाला? पण त्या नोकरीने घर झालं, लेक शिकली, म्हातारपणी पेन्शन आहे.

आणि तिथेही एक गोष्ट घडली. शनिवारच्या ओव्हरटाइमला दीडपट पैसे मिळायचे. सगळे त्यासाठी धडपडायचे. आम्ही शनिवार घेतला नाही. एका ख्रिस्ती सोबत्याशी अदलाबदल ठरली, तो शनिवार करायचा, आम्ही रविवार. त्याला त्याचं चर्च, आपल्याला आपला शब्बाथ. पैसे कमी मिळाले. पण शनिवारी संध्याकाळी, हाव्दाला झाल्यावर, हार्मोनियमची पेटी निघायची. १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी मराठीतून यहुदी कीर्तनं रचायला सुरुवात केली, त्या परंपरेतली अब्राहाम, योसेफ, मोशे यांची कीर्तनं लहानपणी ऐकलेली होती. आठवेल तेवढी म्हणायची, न आठवेल तिथे स्वतः जुळवायचं. शेजारपाजारची तीन-चार घरं जमायची. मुलं आजूबाजूला लोळत ऐकायची आणि त्यांना त्या निमित्ताने मराठी आणि इतिहास दोन्ही शिकवले जायचे. शाळा गेली, पण मास्तर राहिला. त्या रात्रींचा पगार शून्य. पण बाकीचे पाच-सहा दिवस ढकलायला तेवढं पुरायचं.

आता दुसरीची गोष्ट. तिला नर्स व्हायचं होतं. मुंबईला वडील नाही म्हणाले, "रात्री-अपरात्री परक्यांची सेवा? नको." इथे आल्यावर मात्र हॉस्पिटलला नर्सेस हव्याच होत्या. तिला दोन वर्षांच्या, खालच्या दर्जाच्या ट्रेनिंगला घातलं. तीन वर्षांचा रजिस्टर्ड नर्सचा कोर्स वेगळा असतो आणि पुढची बढती त्यावरच मिळते, हे बाहेरून आलेल्या मुलींना कोणी समजावून सांगितलं नाही. तरीही त्या कामात तिचा जीव रमला. म्हाताऱ्या पेशंटचा हात धरून बसलं की तिला घड्याळ आठवायचं नाही. म्हणून नातीच्या प्रश्नाला तिचं उत्तर 'हो'.

पण त्या 'हो' ची दुसरी बाजूही तिने इथे लिहायला लावली आहे. आवडीचं काम असलं की लोक पगार कमी देतात आणि वर सांगतात, ही तर सेवा आहे. मुलांनो, हे नीट ऐका. १९७४ साली हॅल्सबरी समितीने नर्सेसचा पगार सरासरी ३० टक्के वाढवावा असं सांगितलं, म्हणजे त्याआधी तो किती मागे पडला होता ते बघा. आणि २०२२ च्या डिसेंबरात रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगला आपल्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासातला सर्वात मोठा संप करावा लागला. संपावर गेलेल्या नर्सेसना काय काम आवडत नव्हतं? आवडत होतं. पण आवडीने वाण्याचं बिल भागत नाही. आवड आहे म्हणून हक्काचा पैसा मागायला लाजू नये, हे तिचं सांगणं.

घरी काय व्हायचं? एकाची रात्रपाळी, एकीची दिवसपाळी. दारातच किल्ली एकमेकांच्या हातात द्यायची. लेकीने आम्हा दोघांना एकत्र जेवताना पाहिलं ते बहुतेक शब्बाथलाच. आवड असो की पगार, दोन्हींची किंमत घरातल्या लहानांनीही मोजली, हे आज कळतं.

जावयांची भीती

आता जावयांची बाजू. त्यांना आम्ही 'पैसा पैसा करणारे' समजत होतो. हनुक्कानंतर एके दिवशी ते एकटेच आले आणि चहा पिता पिता बोलू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. जावयांचे वडील एका गिरणीच्या ऑफिसात कारकून. ते संपात नव्हते, पण गिरणी बंद पडली ती पुन्हा धड सुरू झालीच नाही. जावई तेव्हा दहा वर्षांचे. आई साड्यांना फॉल-बिडिंग करून देऊ लागली. वडील रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायचे आणि संध्याकाळी परत यायचे. ते दिवसभर कुठे बसतात हे कोणी विचारायचं नाही.

"बाबा," ते म्हणाले, "मला फार्मसी आवडते का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. औषधं लोकांना लागतातच, एवढंच पाहिलं. हिने तो इस्त्रीचा शर्ट पाहिलेला नाही, मी पाहिलाय."

यावर आम्ही काय बोलणार? जो पगाराचं म्हणतो तो नेहमी लोभापायीच म्हणतो असं नाही. कधी त्याच्या मागे असा एखादा शर्ट असतो. मुलांनो, आईवडील नाही म्हणाले की चिडण्याआधी एकदा विचारा, तुम्हाला भीती कशाची वाटते?

आजचा हिशोब

काळ बदलला आहे, तेव्हा आजचा हिशोबही मांडला पाहिजे. आमची लेक कॉलेजात गेली तेव्हा फी नव्हती. ती १९९८ साली सुरू झाली, वर्षाला १,००० पौंडांपर्यंत. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी ती वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होती. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मुलांना मात्र तिथल्या युनिव्हर्सिटीत पहिल्या पदवीची फी स्वतः भरावी लागत नाही. इंग्लंडमध्ये २०२३ च्या ऑगस्टपासून सुरू झालेल्या कोर्सेसच्या कर्जाचा नियम असा आहे: वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जे कमवाल त्याचे ९ टक्के कापले जातात आणि ४० वर्षांनंतर उरलेलं कर्ज माफ होतं. म्हणजे कोणी ३०,००० कमावत असेल तर वरच्या ५,००० चे ९ टक्के, वर्षाला ४५० पौंड. २५,००० च्या आत कमाई असेल तर काही कापत नाहीत. आपल्याकडच्या सावकारासारखं हे कर्ज दारात येऊन उभं राहत नाही, पण अर्धं आयुष्य पाठीशी असतं, हेही खरं.

दुसरा रस्ताही आहे. २०१५ पासून इथे डिग्री अप्रेंटिसशिप सुरू झाली आहे. कंपनीत काम करायचं, पगार घ्यायचा आणि त्याच वेळी डिग्री करायची, फी मुलाला भरावी लागत नाही. जागा कमी आणि चुरस फार, पण माहिती काढायला काय हरकत आहे? आपल्या आईबापांना अजून वाटतं की कामाला लागलेला मुलगा म्हणजे शिक्षण सोडलेला मुलगा. तसं आता राहिलेलं नाही.

आम्ही नातीला काय सांगितलं

शेवटी एका रविवारी तिला बोलावलं आणि आम्हा दोघांचं ज्यावर एकमत झालं तेवढंच सांगितलं.

एक, तुला चित्रं आवडतात की चित्रकार म्हणवून घेणं आवडतं, हे आधी बघ. निस्सीमना कविता हवी होती म्हणून त्यांनी डेक घासला. एकच हात, एकच पाय दहा वेळा काढायला लागला, गिऱ्हाइकाने अकराव्यांदा परत पाठवला, तरी दुसऱ्या दिवशी पेन्सिल हातात घ्यावीशी वाटत असेल तर ती आवड खरी.

दोन, भाडं कोण भरणार हे आधी कागदावर लिही. स्वतः भरणार असशील तर काम कुठलं ते लिही. वडील भरणार असतील तर त्यांना विचारून किती वर्षं ते लिही. न बोलता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेली आवड फार दिवस टिकत नाही.

तीन, तुझा शनिवार कुठला ते ठरव. चित्रं हाच धंदा केलास तर त्याही धंद्यात कोणीतरी सांगेल, आणखी एक दिवस दे, कमी पैशात दे. फार्मसी केलीस तर दुकान सांगेल, आणखी एक पाळी घे. दोन्ही ठिकाणी एक दिवस असा राख की तो विकायचा नाही. शनवार तेल्याला घाणा निवडता आला नाही, पण घाणा कधी थांबवायचा हे त्याने निवडलं. आमच्याही हातात तेवढंच होतं आणि त्यावर आमचा जन्म गोड झाला. तुझ्या हातात त्याहून पुष्कळ जास्त आहे. घाणाही तूच निवडू शकतेस. तेव्हा दोन्ही निवड, आणि डोळ्यांवर झापडं बांधून निवडू नकोस.

तिने सगळं ऐकून घेतलं. अर्जातल्या तीन जागा तिने चित्रकलेच्याच ठेवल्या. दोन बदलल्या, तिथे डिझाइनचे कोर्स घातले, ज्यांत एक वर्ष कंपनीत काम करायचं असतं. जावई पूर्ण खूष नाहीत, नातही पूर्ण खूष नाही. आमच्या मते सौदा बरा झाला. दोन्ही बाजूंना थोडं टोचतं आहे म्हणजे कोणी कोणाला चिरडलेलं नाही.

निघताना तिने वही काढली आणि विचारलं, "आजोबा, घाण्याचा बैल शनिवारी काय करायचा?"

"झोपायचा, बाळा. पेंड खायची आणि झोपायचा."

तिने तसं चित्र काढून दिलं आहे. झाडाखाली बसलेला बैल, बाजूला झापडं काढून ठेवलेली. ते आमच्या स्वयंपाकघरात लावलं आहे. जावयांनी त्याचे तिला १० पौंड दिले, आणि तिने ते घेतले.

वाचकहो, आमच्या वयाच्या मंडळींनो, तुमच्याही घरात हा प्रश्न आला असेल, नसेल तर येईल. तेव्हा नुसता उपदेश करू नका, आपण काय काम केलं, कशासाठी केलं, काय राहून गेलं, ते खरं खरं सांगा. आणि बालमित्रांनो, पुढच्या शब्बाथला जेवण झालं की आजी-आजोबांना विचारा, तुम्ही काय काम करत होता आणि सुटीच्या दिवशी काय करत होता? जे उत्तर मिळेल ते दोन ओळींत लिहून आपल्या पत्रिकेकडे पाठवा, मराठीत, इंग्रजीत, जमेल तसं. चित्र काढून पाठवलंत तर फारच छान.

सर्वांना आमचे आशीर्वाद. शालोम!